झुलाल नानांचा कच्चा मोतीबिंदू

पहूरच्या स्टेशनावर मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा मला आधी एक मिशी दिसली. ती पाचोऱ्याच्या बाजूला सुरू होत होती आणि जामनेरच्या बाजूला संपत होती. मधे कुठंतरी माणूस असणारच, असा अंदाज करून मी तिच्या कडेकडेनं चालू लागलो, तर मधोमध खरोखरच एक माणूस निघाला. डोक्यावर बैलगाडीच्या चाकाएवढं लाल पागोटं, अंगात बाराबंडी, हातात वेळूची काठी. "जिनातला नवा कारकून कोणता हाये," अशी त्यानं हाक दिली. ती इतकी दणदणीत होती की ड्रायव्हरला वाटलं गार्डनं शिट्टी मारली. त्यानं गाडी सोडली आणि माझी ट्रंक माझ्याशिवाय जामनेरला गेली. आमची ती छोटी गाडी म्हणजे, माणूस जरा भरभर चालला तरी तिला गाठू शके. पण मला चालताच येईना, कारण त्या गृहस्थानं माझं मनगट धरलं होतं आणि तो म्हणत होता, "हळू चाला बाबू, मी आंधळा हाये."

हे झुलाल नाना. १९३४ सालच्या कापसाच्या हंगामात मी पहूरच्या जिनिंगमध्ये कारकून म्हणून आलो होतो आणि नानांच्या घरची पुढची खोली मला राहायला मिळाली होती. भाडेकरूला घ्यायला ते स्वतः आले होते. आंधळ्या माणसानं एवढे कष्ट घ्यावेत याचं मला फार वाईट वाटलं. मी त्यांना सांभाळून नेऊ लागलो. वाटेत त्यांनी मला एका खड्ड्यातून वाचवलं, एका बाभळीच्या फांदीखालून वाकायला लावलं आणि समोरून येणाऱ्या म्हशीला वाट द्यायला बाजूला ओढलं. शेवटी म्हणाले, "बाबू, तुमच्या डाव्या बुटाची नाडी सुटली."

मी थांबून पाहिलं. सुटली होती.

"आवाजावरून कळते," नाना म्हणाले, आणि लगबगीनं पुढं गेले.

घरात चार माणसं होती. नाना, त्यांच्या पत्नी सुंदरबाई, मुलगा भटू आणि सून बेबाबाई. सुंदरबाई म्हणजे चालताबोलता कायदा होता. घरात कुणी कुठं बसायचं, कुणी कुणापुढं किती आवाजात बोलायचं, सासऱ्यापुढं सुनेचा पदर किती खाली असायचा, हे सगळं त्यांना पाठ होतं आणि इंग्रज सरकार आपल्या कायद्यात करतं तसा बदल त्यांना त्यात मंजूर नव्हता. भटू हा अत्यंत गुणी मुलगा होता. तो आईसमोर "हो" म्हणायचा, वडिलांसमोर "हो" म्हणायचा आणि दोन्ही "हो" एकमेकांच्या विरुद्ध असले की शेतात जायचा. त्यामुळं त्यांची शेती फार चांगली होती.

नानांची दृष्टी तीन वर्षांपूर्वी गेली असं गावात सर्वांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, गावाला त्याचा अभिमान होता. आंधळे पुष्कळ गावांत असतात, पण पहूरच्या आंधळ्याला विंचवाचा वास येतो, ही गोष्ट शेंदुर्णीपर्यंत पोचली होती. झालं होतं असं की एकदा बेबाबाई गोवऱ्या काढायला वाकल्या, आणि ओट्यावर बसलेले नाना तिकडून ओरडले की थांब, हात घालू नको, मले विंचवाचा वास येतो. गोवरी उलटली तर खाली विंचू. गावचे वैद्य जीवराम आप्पा यांनी तेव्हापासून असा सिद्धांतच मांडला होता की डोळे गेले की त्यांचं तेज नाकात उतरतं. मी एकदा त्यांना विचारलं की हे कुठल्या ग्रंथात आहे. ते म्हणाले, "ग्रंथ कशाला पाहिजे, झुलाल नाना आहेत ना."

मला संशय होता, पण भाडेकरूनं घरमालकाच्या डोळ्यांबद्दल संशय बाळगणं बरं नव्हे. तो फिटला तो शेतात. ज्वारी निसवली होती, पाखरं राखायला नाना माळ्यावर बसत. आंधळ्या माणसाला पाखरं राखायला का बसवतात हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नव्हता. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर माळ्यावर गेलो. लांबच्या एका कणसावर एक पोपट बसला होता आणि अगदी गुपचूप खात होता. नानांनी गोफण फिरवली आणि त्या पोपटाचं शेपूट तेवढं उडवलं.

"आवाजावरून?" मी विचारलं.

"हो."

"नाना, तो पोपट काहीच बोलत नव्हता."

नाना बराच वेळ गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. त्यांचे डोळे घारे होते, मांजरासारखे, आणि त्या क्षणी ते मांजरासारखेच चोरटे दिसत होते. मग इकडंतिकडं कुणी नाही हे नीट पाहून (आंधळ्यानं) ते हळू आवाजात म्हणाले, "कोणाले सांगू नका बाबू. मले बठ्ठं दिसते. सगळं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. तीन वर्षांपूर्वीच्या अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बेबाबाई नवी नवरी होती. खान्देशात अखाजी म्हणजे खापरावरची पुरणपोळी. चुलीवर मातीचं खापर उपडं ठेवायचं, हातावर पोळी फिरवत फिरवत परातीएवढी करायची आणि त्या खापरावर टाकायची. ऊन असं की बाहेर कावळ्यांना घेरी यावी, आत चुलीचा जाळ, आणि समोर पडवीत सासरा बसलेला, म्हणून बेबाबाईचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. पोळी हातावर, जाळ पायापाशी आणि डोळ्यांपुढं लुगडं. पदर पेटला तेव्हा तो पेटलाय हे घरात सगळ्यांना दिसलं, फक्त तिला सोडून. नानांनी हाताला लागेल ते उचललं आणि तिच्यावर ओतलं. हाताला लागला तो आमरस होता, घरादाराचा, पाहुण्यांसकट. आग विझली. बेबाबाईला काही झालं नाही. सुंदरबाईंना मात्र दोन गोष्टींचा धक्का बसला: आमरस गेला, आणि सासरा सुनेच्या चुलीपाशी गेला.

त्यानंतर नानांनी सांगून पाहिलं की चुलीपाशी तरी पदर नको. सुंदरबाई म्हणाल्या की ज्या सासऱ्याले डोळे हायेत त्याच्यापुढं पदर पाहिजे, आमच्या सासूनं घेतला, तिच्या सासूनं घेतला, मी जळली का. भटूला विचारलं. भटू शेतात गेला. चार दिवस नानांनी विचार केला. नियम तर बदलता येत नव्हता. तेव्हा त्यांनी डोळे बदलले.

पण सुंदरबाईंना पटवणं सोपं नव्हतं. नुसतं "मले दिसत नाही" म्हणून भागणार नव्हतं. अंगणात खाटांवर धोतरं पसरून सुंदरबाईंच्या वर्षाच्या कुरडया वाळत होत्या. नाना काठी टेकत आले आणि त्या कुरडयांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाटांसकट चालत गेले. कुरडया कडकड वाजल्या. सुंदरबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याला डोळे आहेत असा कोणताही नवरा हे धाडस करणार नाही, याची त्यांना खात्री होती. त्या रडायलाच लागल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की झुलाल नानांचे डोळे गेले, आणि दुसऱ्या दिवशी बेबाबाई उघड्या तोंडानं चुलीपाशी बसली. आंधळ्यापुढं पदर कशाला?

अशी तीन वर्षं सुखात गेली होती आणि अशीच पुढंही गेली असती, पण त्या थंडीत गावात दवंडी पिटली गेली. जळगावहून डोळ्यांचे डॉक्टर येणार, धर्मशाळेत बसणार, मोतीबिंदू काढणार. सुंदरबाईंनी देवीला नारळ फोडला आणि नानांचं नाव पहिलं देऊन टाकलं.

नाना त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी माझ्या खोलीत येऊन बसले. त्यांची अडचण साधी होती. खरं सांगितलं तर बेबाबाई पुन्हा जाळापुढं पदरात गेली. नाही सांगितलं तर चांगल्या डोळ्यांत सुरी. "बाबू," ते म्हणाले, "माझे डोळे चांगले हायेत हो. पोपट पाहिला ना तुम्ही."

त्यांना एकच आशा होती. त्या काळी मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नसत. तेव्हा आपला मोतीबिंदू अजून कच्चा आहे असं गावानं ठरवलं की काम झालं. आणि गाव हे ठरवायला तयारच होतं. पहूरमध्ये दुसऱ्याच्या तब्येतीचा निकाल ओट्यावर लागत असे.

सकाळच्या उन्हात नानांना खाटेवर बसवण्यात आलं. त्यांची मान मागं, पागोटं मांडीवर. आधी जीवराम आप्पा वाकले. जीवराम आप्पांच्या घराण्यात सात पिढ्या मुळ्या उगाळत आल्या होत्या आणि शरीराला लोखंड लावणं हे त्यांच्या दृष्टीनं देवाच्या दारात चपला घालून जाण्यासारखं होतं. पण ते म्हणाले की माझं मत बाजूला राहू द्या, मी फक्त डोळ्यात काय आहे ते सांगतो. त्यांनी डोळ्यात पाहिलं आणि सांगितलं की मोतीबिंदू आहे, पण हिरवट आहे. केळीच्या कच्च्या घडासारखा. आता कापला तर डोळाच तुरट होईल.

मग सरदार मिस्त्री वाकले. सरदारभाई गाड्यांची चाकं घडवत आणि नानांचे लहानपणापासूनचे दोस्त. जगात जे काही अडलं आहे ते पटाशीनं निघतं, यावर त्यांचा विश्वास होता. तेही म्हणाले की मला काय, मी जे दिसतं ते बोलतो. त्यांना दिसली ती बाभळीच्या लाकडातली गाठ. पक्की, सुकलेली, नुसतं टोक लावलं की टुणकन बाहेर.

"हिरवट आहे," जीवराम आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्हाला तर आमची लाल चाकंही हिरवट दिसतात."

सुंदरबाईंनी पाहिलं, त्यांना ज्वारीच्या दाण्याएवढा शुभ्र मोती दिसला. तीन वर्षं त्यांनी या माणसाचा हात धरून त्याला फिरवलं होतं, आता त्याचे डोळे परत येणार होते, मग मोती शुभ्र नसेल तर काय असेल? भटूनं पाहिलं. आई समोर उभी होती म्हणून तो म्हणाला पिकला. मग नानांनी त्याच्याकडं पाहिलं, म्हणून तो म्हणाला तसा कच्चाच आहे, आणि शेतात गेला. बेबाबाईंना सासऱ्याच्या डोळ्यात डोकावता येत नव्हतं. त्या दारामागून एवढंच म्हणाल्या की आप्पा म्हणतात तर कच्चाच असेल, घाई कशाला?

जो तो आपलं मत बाजूला ठेवून पाहत होता, आणि जो तो पाहून सरळ होत होता तो आपलंच मत हातात घेऊन. एका स्वच्छ, घाऱ्या, निरोगी डोळ्यात लोकांनी त्या सकाळी आख्खा बाजार भरवला होता. नाना मधे बसून होते आणि प्रत्येकाला म्हणत होते, "आप्पा म्हणतात तेच खरं असंल."

वाद पुराव्यावर आला. सरदारभाईंनी पुरावा दिला तो पाळधीकडच्या लोटनचा. त्याचा मोतीबिंदू काढला, त्याला सुईत दोरा ओवता यायला लागला. जीवराम आप्पांनीही पुरावा दिला तो लोटनचाच. मोतीबिंदू काढला आणि लोटन मेला. आता एक तर लोटन दोरा ओवतो आहे किंवा मेला आहे. हे चौकशी करून कळण्यासारखं होतं, म्हणून दोघांनी मिळून बाजाराला आलेल्या लोटनच्या मेव्हण्याला गाठलं. मेव्हण्यानं सांगितलं की डोळा उत्तम झाला होता, भाऊजींना पन्नास हात उंचीवरची कैरीसुद्धा दिसायची. ती काढायला ते चढले आणि पडले.

"पाहा, दिसायला लागलं होतं," सरदारभाई म्हणाले.

"पाहा, मेला," जीवराम आप्पा म्हणाले.

आणि दोघंही समाधानानं घरी गेले. नानांचा प्रश्न तिथंच राहिला.

ठरल्या दिवशी मी नानांना घेऊन धर्मशाळेत गेलो. बाहेर सुंदरबाई, दोन्ही पक्ष आणि सगळा मोहल्ला. आत पडद्यामागं डॉक्टर, नाना आणि नानांचा हात धरणारा म्हणून मी. डॉक्टर तरुण होते, बारीक चष्म्याचे, आणि खोटं बोलण्याचा त्यांना एवढा तिटकारा की तुमची तब्येत कशी आहे असं कुणी विचारलं तरी ते आधी विचार करत. त्यांनी भिंग लावून पाहिलं. उजवा पाहिला, डावा पाहिला. पुन्हा उजवा पाहिला. मग भिंग पुसलं.

"आबा, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू नाही."

नानांनी पडदा नीट लागलाय का ते पाहिलं.

"तुम्हाला सगळं दिसतं."

"दिसते," नाना म्हणाले. "पण बाहेर सांगू नका."

डॉक्टर म्हणाले की मी रोग्याच्या घरच्यांना खोटं सांगणार नाही, ते माझ्या धर्मात बसत नाही. नानांनी मग हात जोडून त्यांना खापर, पदर, जाळ आणि आमरस सगळं सांगितलं. कुरडयांशी आल्यावर डॉक्टरांचा चष्मा नाकावरून घसरला. नाना शेवटी म्हणाले, "साहेब, पोरगी जळाली असती. मले डोळे हायेत म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. त्यांनी भिंग पुन्हा उचललं आणि डावा डोळा पुन्हा पाहिला. या वेळी पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाले की फारच बारकाईनं पाहिलं तर कडेला एक पुसट छाया आहे असं म्हणता येईल. अजून थोडं पाहून म्हणाले की छाया आहेच. मी त्या भल्या माणसाच्या तोंडाकडं पाहत होतो. तो लबाडी करत नव्हता. त्याला ती छाया खरोखरच दिसू लागली होती, आणि जितका वेळ तो जाळाचा विचार करत होता तितकी ती दाट होत होती. शेवटी नानाच घाबरले.

"साहेब, खरीच हाये का छाया?"

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टर म्हणाले.

ते बाहेर आले. सुंदरबाई पुढं झाल्या आणि त्यांनी सरळच विचारलं, "कापल्यावर ह्यायले दिसंल का?"

डॉक्टरांनी विचार केला. मग एकेक शब्द मोजून म्हणाले, "आत्ता जेवढं दिसतं, त्यापेक्षा शस्त्रक्रियेनं काडीचंही जास्त दिसणार नाही. माझं नाव लावून सांगतो. या डोळ्याला हात लावायचा नाही."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जीवराम आप्पांनी ऐकलं की मोतीबिंदू हिरवट होता. सरदारभाईंनी ऐकलं की फार पिकून आत बसला, वेळेवर काढायला हवा होता. सुंदरबाईंनी ऐकलं की कुरडयांवरून गेले त्याच दिवशी दोन्ही डोळे पार गेले होते. त्यांनी पदराला डोळे पुसले, नानांचा हात धरला आणि म्हणाल्या, "चला, मी हाये ना."

नाना चालले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा पाय खड्ड्यात पडला. त्यांचे डोळे भरून आले होते, समोरचं दिसत नव्हतं.

घरी जेवायला बसलो. बेबाबाई वाढत होत्या, तोंड उघडं, कपाळावर घाम. त्यांनी नानांच्या ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी ठेवली, वांग्याचं भरीत वाढलं, आणि मिरचीचा ठेचा ताटाच्या अगदी पलीकडच्या कडेला ठेवला, जिथं आंधळ्याचा हात पोचायला चाचपावं लागलं असतं. नानांनी सरळ तिथं बोट बुडवलं. बेबाबाई हसू दाबत आत गेल्या. नानांनी माझ्याकडं पाहिलं, मी भरताकडं पाहिलं.

"यांना हे केव्हापासून माहीत?" मी हळूच विचारलं.

"कोणाले माहीत," नाना म्हणाले. "आवाजावरून तर काही कळलं नाही."

हंगाम संपला आणि मी जळगावला आलो. पुढं भटूची एक-दोन पत्रं आली, तो शेतातून लिहायचा. त्यावरून कळलेलं असं: आठ-नऊ वर्षांनी नानांच्या दोन्ही डोळ्यांत खरोखरीचा मोतीबिंदू झाला. नानांनी तसं घरात सांगितलं. सुंदरबाई म्हणाल्या, ते तर सगळ्यांना माहीत आहे. शस्त्रक्रिया झाली नाही.